वृत्तपत्रविद्येचे शिक्षण : छापखान्यातून महाविद्यालयाकडे

संपादक हा जन्मावा लागतो, तो शाळेत घडविता येत नाही, असे मत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होते. वकिलास सनद हवी, वैद्यास पदवी हवी. पण पत्रकारास लेखणी आणि तळमळ एवढे भांडवल पुरे, अशी समजूत होती. या समजुतीस इतिहासाचा आधार नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले, तेव्हा त्यांच्यापुढे मराठी वृत्तपत्राचा नमुनाच नव्हता. शिकविणार तरी कोण? कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' सुरू केला आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत चालविला. मुकुंदराव पाटलांनी तर तरवडीसारख्या खेडेगावातून वर्षानुवर्षे 'दीनमित्र' प्रसिद्ध केला. ही मंडळी कोणत्याही वर्गात बसून हा धंदा शिकली नव्हती.

तथापि या स्वयंशिक्षणाची किंमतही मोठी होती. 'केसरी' व 'मराठा' या पत्रांतून कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध जो मजकूर आला, त्याचा आधार असलेली पत्रे न्यायालयात बनावट ठरली. अब्रुनुकसानीच्या या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले. त्यांच्या विद्वत्तेविषयी किंवा हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. टिळक तर कायद्याचे पदवीधर होते. पण हाती आलेला कागद खरा की खोटा हे छापण्यापूर्वी कसे पारखावे, हा विद्वत्तेहून निराळा असा व्यवसायाचा भाग आहे. तो त्यांना कोणी आधी शिकविला नव्हता.

एरवी हे शिक्षण छापखान्यातच होत असे. होतकरू तरुण प्रथम मुद्रिते तपासावयास बसे, मग इंग्रजी तारांचे भाषांतर करी, पुढे स्थानिक बातम्या आणि फार वर्षांनी स्फुटे व अग्रलेख. ही रीत वाईट नव्हती. तीतून उत्तम उपसंपादक निपजले. परंतु त्या छापखान्याच्या दारात पाय ठेवण्यासाठी कोणीतरी ओळखीचा असावा लागे. ज्या घरातील कोणी पूर्वी लेखणीवर पोट भरले नव्हते, त्या घरच्या मुलाने कोणाचे पत्र घेऊन जावे? प्रस्तुत विषयाचे महत्त्व आम्हांस वाटते ते या प्रश्नामुळे. परीक्षेस बसावयाला चुलता संपादक असावा लागत नाही.

या शिक्षणाचा पाया अमेरिकेत घातला गेला. जोसेफ पुलित्झर या हंगेरीतून आलेल्या, धनाढ्य झालेल्या वृत्तपत्रकाराने १८९२ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठास अशा शाळेसाठी देणगी देऊ केली, तेव्हा विद्यापीठाने ती नाकारली. पुढे मन वळले. वीस लक्ष डॉलरांची व्यवस्था झाली. पण शाळा उघडली १९१२ साली, पुलित्झरच्या मृत्यूनंतर एक वर्षाने. तोपर्यंत मिसूरी विद्यापीठाने १९०८ सालीच बाजी मारली होती. (हे विद्यापीठ ज्या गावी आहे त्याचेही नाव कोलंबियाच, वाचकांनी गोंधळू नये.) तेथील पहिले प्रमुख वॉल्टर विल्यम्स यांची कथा मोठी मौजेची आहे. हे गृहस्थ पोरवयात छापखान्यात हरकाम्या म्हणून लागलेले. महाविद्यालयाची पायरीही चढले नव्हते. त्यांनी ही शाळा उभारली आणि अखेर ते त्या विद्यापीठाचेच अध्यक्ष झाले. स्वतः शाळेबाहेर शिकलेल्या माणसाने शाळा काढावी, यात विसंगती दिसेल. पण काय शिकवावे हे त्यालाच नेमके ठाऊक होते. वर्ग सुरू झाले त्याच दिवशी, १४ सप्टेंबर १९०८ रोजी, विद्यार्थ्यांनी तयार केलेले खरेखुरे दैनिक गावात विक्रीस आले. चूक झाली तर ती वहीत न राहता गावभर होई. आमच्या मते त्या शाळेच्या कीर्तीचे रहस्य या एका गोष्टीत आहे.

हिंदुस्थानात पहिला प्रयत्न ॲनी बेझंट यांनी १९२० साली मद्रासजवळ अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात केला. तेथील विद्यार्थी त्यांच्याच 'न्यू इंडिया' पत्रात काम करून शिकत. अलीगढ येथे १९३८ साली झालेला उपक्रम अल्पायुषी ठरला. टिकला तो लाहोरचा. पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंग यांनी १९४१ साली हा विभाग काढला. फाळणीत लाहोर गेले. विभागाने दिल्लीत आश्रय घेतला आणि १९६२ साली तो चंदीगढला गेला. निर्वासितांप्रमाणे एका शिक्षणशाखेनेही बिऱ्हाड हलवावे, हा त्या काळाचा महिमा!

मराठी मुलुखात हे शिक्षण आले ते नागपुरास. हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली हा विभाग सुरू झाला आणि सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वूल्सले हे फुलब्राइट योजनेखाली येऊन त्याचे प्रमुख झाले. नागपूर त्या वेळी जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते. विधिमंडळ, सचिवालय, उच्च न्यायालय, शिवाय इंग्रजी 'हितवाद' व मराठी 'तरुण भारत' ही पत्रे, सारे एकाच गावी. बातमी म्हणजे काय हे शिकावयास याहून सोयीची जागा कोणती? वूल्सले यांनी संपादिलेला आधुनिक भारतीय वृत्तव्यवसायावरील ग्रंथ १९५३ साली निघाला. परक्या देशातील पाठ्यपुस्तके आपल्याकडे जशीच्या तशी चालावयाची नाहीत, हे ध्यानी घेऊन त्यांनी येथील अनुभवी पत्रकारांकडून प्रकरणे लिहवून घेतली, हे विशेष होय.

त्याच सुमारास या व्यवसायाचे रूपही पालटत होते. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली अहवाल दिला आणि १९५५ साली श्रमिक पत्रकारांचा कायदा झाला. पगार, कामाचे तास, रजा या गोष्टी मालकाच्या मर्जीवरून कायद्याच्या कक्षेत आल्या. व्रत म्हणून पत्करावयाचे काम संसार चालवू शकेल असा व्यवसाय झाले, तेव्हाच त्याच्या शिक्षणासाठी मुलास पाठविण्याचा विचार सामान्य कुटुंबाला सुचणे शक्य झाले. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ साली निघाला. दिल्लीची केंद्रीय संस्था १९६५ साली स्थापन झाली.

आज असे वर्ग जागोजागी आहेत आणि त्यांची माहितीपत्रके फार सुंदर छापलेली असतात. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी मुलगा वा मुलगी या शिक्षणाचा विचार करीत असेल, त्यांनी माहितीपत्रक बाजूस ठेवून दोनच गोष्टी विचाराव्यात. विद्यार्थी स्वतःचे पत्र नियमाने काढतात काय, आणि ते गावातील परके लोक वाचतात काय? दुसरे, अब्रुनुकसानीचा कायदा व कागदपत्रांची पारख शिकविणारा गृहस्थ कधी एखाद्या वृत्तपत्रात बसला होता काय? वसतिगृह, ग्रंथालय व शुल्क यांची चौकशी त्यानंतर करावी.