चाकाचे माप आणि चाकाचे नाव : सायकलच्या टायरवरील आकड्यांचा इतिहास

सायकलच्या टायरवर २८, २६, ७०० असे आकडे छापलेले असतात. आकडा आहे त्या अर्थी तो मोजून काढलेला असणार, अशी आपली सहज समजूत होते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. भाषेच्या अभ्यासकाने चाकांकडे वळावे याचे नवल वाटू नये. कारण हे आकडे प्रारंभी मापे होते व पुढे केवळ नावे झाले, असे दिसून येईल.

उंच चाकाच्या जुन्या सायकलीत पेडल पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेले असे. पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होई. तेव्हा चाकाचा बाह्य व्यास जेवढा मोठा, तेवढे एका फेऱ्यातील अंतर अधिक. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली यांची साखळीची ‘रोव्हर’ सायकल आली, तरी हे गणित बाह्य व्यासावरच बांधलेले राहिले. १८८८ साली डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. १८९० साली वेल्श यांनी कडेत तार घातलेल्या आणि बार्टलेट यांनी रिमच्या कडेत अडकणाऱ्या टायरचे पेटंट घेतले. टायर रिमवरून काढता-घालता येऊ लागला आणि एका दुसऱ्या व्यासाला महत्त्व आले : टायरची कड रिमवर जेथे टेकते तेथील व्यास. यास आपण सोयीसाठी ‘बैठक-व्यास’ म्हणू. टायर चाकाला बसेल की नाही, हे प्रथम या व्यासावरून ठरते. नाव मात्र जुन्या, बाह्य व्यासाचेच राहिले.

आरंभी त्या नावात असत्य काही नव्हते. २६ इंच म्हणजे सुमारे ६६० मिलिमीटर. दीड इंची टायरसाठी ५८४ मिलिमीटर बैठक-व्यासाची रिम होती. दोन्ही बाजूंची टायरची जाडी, म्हणजे ७६ मिलिमीटर, तीत मिळविली की ६६० भरतात. १ ३/८ इंची टायरची रिम ५९० ची; ७० मिळविता पुन्हा ६६०. दोन इंची टायरची रिम ५५९ ची. १०२ मिळविता ६६१. टायर जाड तर रिम लहान, टायर बारीक तर रिम मोठी, बेरीज तीच. आपल्याकडील काळ्या सायकलीचा दीड इंची टायरही असाच : ६३५ अधिक ७६ म्हणजे ७११ मिलिमीटर, अर्थात २८ इंच.

पुढे त्याच रिमांवर वेगवेगळ्या जाडीचे टायर बसविण्यात येऊ लागले. बाह्य व्यास बदलला. नाव बदलले नाही. फ्रेंच पद्धतीतील ‘७०० सी’ या नावाची रिम ६२२ ची आहे. तिच्यावर ३९ मिलिमीटरचा टायर असता बाह्य व्यास खरोखरीच ७०० भरतो. परंतु २३ मिलिमीटरचा टायर असता तो ६६८ इतकाच भरतो, आणि तरीही त्या टायरला ७०० हेच म्हणतात. हीच ६२२ ची रिम जाड टायरखाली ‘२९ इंची’ ठरते, तर अन्यत्र ‘२८ इंची’. एका वस्तूस तीन नावे झाली. उलटपक्षी ‘२६ इंची’ या एकाच नावाखाली ५५९, ५७१, ५८४, ५९० व ५९७ अशा निदान पाच रिमा येतात.

याहून उद्बोधक उदाहरण पुढील होय. २६ × १.७५ आणि २६ × १ ३/४ हे दोन टायर घ्या. अंकगणितात दोन्ही सारखे. मराठीत उच्चारताना दोहोंस ‘पावणेदोन’च म्हणावे लागेल. तथापि पहिल्याचा बैठक-व्यास ५५९ व दुसऱ्याचा ५७१. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. येथे दशांश व अपूर्णांक हे लेखनभेद नसून अर्थभेदक आहेत. चिन्हाचे मूल्य त्याच्या व्यवस्थेतील स्थानावरून ठरते, या सिद्धांताचे याहून सुबोध उदाहरण क्वचितच मिळेल.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. टायरच्या कडेतील तार ताणत नाही. काळ्या सायकलीचा ‘२८’ चा टायर (६३५) ‘२८’ म्हणूनच विकल्या जाणाऱ्या नव्या रिमवर (६२२) चढविला, तर तो १३ मिलिमीटरने सैल राहतो व हवा भरताच किंवा चालत्या गाडीतच निसटू शकतो. उलट केल्यास तो चढतच नाही. म्हणून आयएसओ ५७७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ‘४०-६३५’ अशी दोन अंकांची खूण दिली आहे : पहिला अंक रुंदीचा, दुसरा बैठक-व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरांत. टायर घेताना ही खूण रिमशी ताडून पाहावी आणि त्या रुंदीचा टायर चौकटीत मोकळा फिरतो ना, हेही पाहावे.

शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, हे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी सांगतो. आकड्यांच्या बाबतीत मात्र आपण स्वतःच ते विसरतो. जुन्या दरपत्रकात वा जाहिरातीत ‘२६ इंची सायकल’ असा उल्लेख आढळला, तर तेवढ्यावरून रिमेचे माप निश्चित करू नये. टायरची जाडी, ती लिहिण्याची पद्धत आणि देश ही तिन्ही पाहावीत. साधनांतील आकडा हाही शब्दच आहे, आणि त्याचीही चिकित्सा करावी लागते.