नाण्यांवरची धूळ

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी कोकणात बऱ्याच घरी एक काम निघते. देव्हाऱ्यातल्या डबीतली जुनी नाणी बाहेर येतात. त्यांत एखादा राणीछाप रुपया असतो, दोनचार तांब्याच्या शिवराया असतात. ती चिंचेच्या कोळात भिजतात, राखेने नाहीतर रांगोळीने घासली जातात आणि ताम्हणात लखलखू लागतात. यामागच्या श्रद्धेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्या लखलखाटात नेमके काय हरवते, ते एकदा पाहिले पाहिजे.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांवर होती आणि सगळी क्षहरात वंशातल्या नहपान राजाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा चैत्य उमटला होता, आणि खालून जुन्या मुखवट्याची कड व ग्रीक अक्षरांचे तुकडे डोकावत होते. गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केला, हे नाशिकच्या लेण्यांतला शिलालेख सांगतोच; पण शिलालेख विजेत्याच्या घरचा. इथे मात्र पराभूताचे नाणेच साक्षीला उभे राहिले. ही साक्ष केसाएवढ्या उंचवट्यांवर अवलंबून होती. कोणी ती नाणी राखेने घासून उजळली असती, तर वरचा ठसा कदाचित राहिला असता, खालचा गेला असता.

एवढे लांब नाशिकला तरी कशाला जावे? आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले दाभोळ हे आदिलशाहीचे नामांकित बंदर. इराणी आखाताच्या व्यापारातून या किनाऱ्यावर ‘लारी’ नावाचे एक चमत्कारिक नाणे आले. इराणातल्या लार प्रांतावरून त्याला हे नाव पडले. हे नाणे गोल नव्हे. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेला. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानेही (कारकीर्द १६५६ ते १६७२) अशा लाऱ्या पाडल्या. ठसा रुंद आणि तार अरुंद, त्यामुळे मजकूर एका लारीवर कधीच पुरता उतरत नाही. एकीवर नावाचा तुकडा, दुसरीवर सालाचा, असे जुळवून वाचावे लागते. अशा नाण्याचे एक अक्षर झिजले, तरी इतिहासाचे एक पान फाटले म्हणून समजावे.

धूळ निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात वाळूचे बारीक कण असतात आणि ते चांदीहून, तांब्याहून पुष्कळ कठीण असतात. कोरड्या फडक्याने नाणे पुसणे म्हणजे त्याच्यावर बारीक कानस फिरवणे होय. चिंच, लिंबू, आमसूल यांतले आम्ल तर तांब्यावरचा तपकिरी थर खाऊन टाकते. आणि तो थर म्हणजे मळ नव्हे, शतकांनी त्या धातूला घातलेले पांघरूण आहे.

मग धूळ काढावी कशी? हात धुऊन कोरडे करावेत. खाली मऊ कापड अंथरावे आणि नाणे दोन बोटांनी कडेला धरावे; तोंडावर बोट लावू नये, कारण घामाचा डाग बसतो. तोंडाने फुंकर घालू नये, तिच्यात ओल असते. त्याऐवजी रबरी फुग्याने वारा द्यावा. तेवढ्याने भागले नाही तर चित्रकाराचा मऊ, कोरा कुंचला अगदी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवावा. जे निघत नाही ते तसेच राहू द्यावे. तांब्यावर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल, तर तो साधा कळंक नसून क्षार आणि ओल यांनी लागलेला रोग असू शकतो. असे नाणे वेगळे ठेवून संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावे. आपल्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे विशेष जपायला हवे. नाणी कोरड्या जागी, आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात, एकेक सुटी ठेवावीत.

आणि शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचे गाडगे लागले, तर धुणे-घासणे तर नाहीच, वाटणीही करू नये. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची वर्दी कलेक्टरला द्यावी लागते. कोणते नाणे कोणाच्या शेजारी सापडले, यावरूनही काळ ठरतो. साठा फुटला की तो धागा तुटतो.

तेव्हा यंदा पूजा जरूर करावी. पंचामृताचे स्नान आणि हळदकुंकू चालू रुपयाला घालावे, तो सोसेल. जुन्या शिवराईला मात्र शेजारी कोरड्या पानावर तशीच बसवावी, काळवंडलेली. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे तिच्यावर आहेत, आणि ती अजून वाचता येतात, हेच तिचे तेज आहे.