बोडीतलं पाणी आणि ताऱ्यांचं पीक

मागच्या दिवाळीत मी आरमोरीला घरी होतो. रात्री लाइट गेली, म्हणून सगळे गच्चीवर. आबाजींना मी देवयानी दीर्घिका दाखवली. पुसट ढगासारखा ठिपका, 25 लाख प्रकाशवर्षं दूर. ते म्हणाले, "अजून नवे तारे होतात का बा तिथं?"

आजचा एपिसोड त्याच प्रश्नावर.

धानाची बांधी बघून आबाजी सांगतात, रोवणी कधी झाली ते. ताऱ्यांचंही तसंच. मोठे निळे तारे काही कोटी वर्षांतच संपतात, लहान लालसर तारे हजारो कोटी वर्षं टिकतात. निळे दिसले की समजायचं, रोवणी नुकतीच झालीय. हबल दुर्बिणीने देवयानीतले 10 कोटींहून जास्त तारे सुटे सुटे टिपले. त्यांचे रंग आणि तेज मोजल्यावर कळलं, की साधारण 200 ते 400 कोटी वर्षांपूर्वी तिथे ताऱ्यांचं मोठं पीक आलं होतं. आज वर्षाला एका सूर्याइतकेही नवे तारे बनत नाहीत.

आणि ही एकट्या देवयानीची गोष्ट नाही. विश्वात तारे जन्मण्याचा वेग सुमारे 1000 कोटी वर्षांपूर्वी सर्वांत जास्त होता. आज तो त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. का?

उत्तराचा एक तुकडा आपल्या पुणे जिल्ह्यात सापडला. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. तारे बनतात हायड्रोजनपासून, आणि हायड्रोजनचा रेडिओ सिग्नल निघताना 21 सेंटीमीटरचा असतो. पण इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा सिग्नल गोंगाटात हरवतो. म्हणून आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि सहकाऱ्यांनी 7,653 दीर्घिकांची सरासरी काढली. गोंगाट एकमेकांना कापतो, सिग्नल उरतो.

ऑक्टोबर 2020 मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला. 800 कोटी वर्षांपूर्वी दीर्घिकांत हायड्रोजन भरपूर होता, पण खर्चही तेवढाच. त्या वेगाने साठा 100-200 कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू पुरेसा आला नाही, म्हणून ताऱ्यांचा जन्म मंदावला असावा. जीएमआरटी उभी करणारे गोविंद स्वरूप 7 सप्टेंबरला गेले होते. हा निकाल छापून आलेला त्यांना बघता आला नाही.

आबाजींना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे बोडी आटत आली. पण रोवणी चालू हाय ना अजून?"

हो आबाजी, चालू आहे. आपल्या आकाशगंगेतही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर लाइट गेली, तर मोबाइलचा टॉर्च लगेच लावू नका. आधी वर बघा.