लॅपटॉपवर 'ऑडॅसिटी' उघडत नाही? सॉफ्टवेअर काढून टाकण्याआधी हे करून बघा

सप्ताहातलं कीर्तन असो, भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग असो की रिक्षावर वाजवायची जाहिरात, गावोगावची पोरं आता लॅपटॉपवर 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचं काम करतात. पण ऐन वेळी ते उघडत नाही, स्क्रीनवर इंग्रजीत एरर येतो आणि घाबरून माणूस भलतंच बटण दाबतो. सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतं, गेलेलं कीर्तन परत येत नाही. म्हणून आधी रेकॉर्डिंग वाचवा, मग दुरुस्ती करा. खालची माहिती विंडोज लॅपटॉपसाठी आहे.

१) 'रिकव्हर' की 'डिस्कार्ड'?
रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली, बॅटरी संपली किंवा लॅपटॉप अडकला, तर पुढच्या वेळी ऑडॅसिटी उघडताना एक चौकट येते. सेव्ह न झालेल्या कामांची यादी त्यात असते. इथे 'रिकव्हर सिलेक्टेड' दाबायचं. 'डिस्कार्ड सिलेक्टेड' दाबलं की ते काम पुसलं जातं. रेकॉर्डिंग परत आलं की लगेच सेव्ह करा आणि एक्सपोर्ट करून पेन ड्राइव्हवरही ठेवा.

२) 'ऑडॅसिटी आधीच चालू आहे' असा मेसेज
आधीचं ऑडॅसिटी नीट बंद झालेलं नसतं, मागे अडकून राहिलेलं असतं. दोन-चार मिनिटं थांबा. तरी जमलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. यादीत ऑडॅसिटी शोधून 'एंड टास्क' करा आणि पुन्हा उघडा.

३) 'साउंड डिव्हाइस' उघडत नसल्याचा एरर
सॉफ्टवेअर उघडतं, पण रेकॉर्डिंग सुरू होत नाही. हे तपासा:
- माइक किंवा यूएसबी मिक्सर आधी जोडा, मग ऑडॅसिटी उघडा. नंतर जोडलेलं उपकरण कधी कधी यादीत दिसत नाही.
- सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात मायक्रोफोन इथे जा. डेस्कटॉप ॲप्सना माइक वापरायची परवानगी चालू हवी. बऱ्याचदा घोळ इथेच असतो.
- विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि ऑडॅसिटीत सॅम्पल रेट एकच ठेवा. दोन्हीकडे ४४१०० किंवा दोन्हीकडे ४८०००.
- तरी होत नसेल तर 'सर्व्हिसेस' उघडा, 'विंडोज ऑडिओ' वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा.

४) 'डीएलएल फाइल सापडत नाही'
नावात 'व्हीसीरनटाइम१४०' किंवा 'एमएसव्हीसीपी१४०' दिसलं, तर मायक्रोसॉफ्टचं 'व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल' लॅपटॉपवर नसतं किंवा बिघडलेलं असतं. ते मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून फुकट मिळतं. सुटी डीएलएल फाइल कुठल्याही साइटवरून उतरवू नका, तिच्यासोबत व्हायरस येऊ शकतो. ऑडॅसिटीसाठीही पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.

५) फाइल हलवताना
मार्च २०२१ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून प्रोजेक्ट 'एयूपी३' या एकाच फाइलमध्ये राहतो. त्याआधीच्या आवृत्तीत छोट्या फाइलसोबत 'डेटा' नावाचं फोल्डर असायचं. त्यातच खरा आवाज असतो, म्हणून दोन्ही सोबत कॉपी करा. आताच्या फाइलशेजारी त्याच नावाची, शेवटी 'डब्ल्यूएएल' असलेली फाइल दिसली तर तीही पुसू नका. नुकतंच केलेलं काम तिच्यात असू शकतं.

एवढं करूनही उघडलं नाही, तर दुकानात नेताना पहिलं वाक्य हेच सांगा: "फॉरमॅट मारू नका, आत रेकॉर्डिंग आहे." आणि एररचा फोटो मोबाइलवर काढून न्या. दुरुस्ती करणाऱ्याचं अर्धं काम त्यानेच होतं.