लाकडाच्या धुळीचा बंदोबस्त

सागाच्या फळीवरून सुताराचा रंधा फिरतो, तेव्हा फळीपासून सुटणारा लाकडाचा अंश पातळ, सलग आणि वेटोळी घेत बाहेर पडतो. तो पायाशी साचतो, केरसुणीने गोळा होतो आणि संध्याकाळी चुलीपाशी जातो. त्याच फळीला विजेवर फिरणारा काचकागदाचा पट्टा लावला, तर लाकूड तेवढेच निघते. मात्र त्याचे असंख्य सूक्ष्म कण होतात, आणि जाड कण जमिनीवर बसून गेल्यावरही त्यांतले अतिसूक्ष्म कण तासन्‌तास हवेत हिंडत राहतात. वाकस, पटाशी, करवत आणि रंधा एवढ्यावर ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्या आपल्याकडील सुतारांना करवतीचा भुसा ठाऊक होता. हवेत दिवसभर तरंगणाऱ्या लाकडाशी मात्र त्यांची गाठ क्वचितच पडली असेल. ही धूळ यंत्राने आणली आणि तिला आवरण्याचे साधनही पुढे यंत्रानेच पुरविले. परंतु ते साधन ज्या हेतूने जन्माला आले, त्या हेतूत काम करणाऱ्या माणसाच्या श्वासाला स्थान जवळजवळ नव्हते. आज घराच्या मागील खोलीत हौसेने सुतारकाम करणारा गृहस्थ जो डस्ट कलेक्टर, म्हणजे धूळसंग्राहक, विकत आणतो, त्याच्या रचनेत या जन्मकथेची खूण अद्यापि शिल्लक आहे, आणि म्हणूनच ती कथा सांगण्याजोगी आहे.

धंदा आणि रोग यांचा संबंध वैद्यकाला अगदीच अज्ञात होता असे नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ १७०० साली मोडेना येथे प्रसिद्ध केला, तेव्हा धान्य चाळणारे, मापणारे आणि भटारखान्यात राबणारे लोक पिठाच्या व कोंड्याच्या धुळीने कसे पीडित होतात याचे त्याने सहृदयतेने वर्णन केले. आणि रोग्याला विचारावयाच्या प्राचीन प्रश्नांत 'तुझा धंदा कोणता?' या एका प्रश्नाची भर घालावी, अशी त्याने वैद्यांना विनंती केली. हा प्रश्न पुढे कोठे उपयोगी पडला ते यथाक्रम येईलच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस सॅम्युअल बेंथॅम यांनी इंग्लंडात लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पोर्ट्समथच्या नौदल गोदीत मार्क ब्रुनेल यांनी योजलेली व हेन्री मॉडस्ली यांनी घडविलेली यंत्रे जहाजांच्या कप्प्या तयार करू लागली. जे काम पूर्वी ११० माणसे करीत ते तेथे १० माणसांनी होऊ लागले, असे तत्कालीन हिशेब सांगतात. यंत्रांचा वेग वाढला तसा भुशाचा ढीगही वाढला, आणि कारखानदाराला तो प्रथम बोचला तो अडगळ म्हणून. रंधायंत्राच्या तोंडाशी पंख्याची नळी बसवून ढलपे आणि भुसा थेट बाष्पकाच्या भट्टीकडे ओढून न्यावयाचे, म्हणजे जमीन मोकळी होते आणि जळणही फुकट मिळते, हा व्यवहार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होत गेला. बॉस्टनचे बेंजामिन स्टर्टेव्हंट यांचे नाव ज्या पंख्यांमुळे सर्वदूर झाले, त्यांचा प्रारंभही १८६० च्या दशकात चामडे घासणाऱ्या यंत्राची धूळ ओढण्यापासून झाला होता.

दुसरी प्रेरणा आगीची होती. २ मे १८७८ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात, मिसिसिपी नदीच्या काठी असलेल्या वॉशबर्न यांच्या प्रचंड पिठाच्या गिरणीत हवेत तरंगणाऱ्या पिठाने पेट घेतला, गिरणीची इमारत उडाली आणि १८ माणसे प्राणास मुकली. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली कोणतीही ज्वलनशील धूळ, मग ती गव्हाची असो वा लाकडाची, एका ठिणगीने स्फोट घडवू शकते, हे ज्ञान मोठी किंमत देऊन मिळाले. आणि गिरणी पुन्हा उभारताना धूळ ओढून काढणाऱ्या साधनांची योजना करण्यात आली. लवकरच, १८८५ मध्ये, निकरबॉकर कंपनीच्या जॉन फिंच यांनी आज सायक्लोन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धूळसंग्राहकाचे पेटंट घेतले. त्याची क्रिया अत्यंत साधी आणि तितकीच सुंदर आहे. धूळभरली हवा वरून एका पिंपात कडेकडेने शिरते, गरगरत खाली उतरते. जड कण केंद्रोत्सारी प्रेरणेने भिंतीवर फेकले जाऊन निमुळत्या बुडातून खालच्या पेटीत पडतात, आणि हलकी झालेली हवा मध्यभागातून वर चढून बाहेर पडते. परंतु जो कण फार हलका, तो हवेबरोबरच निघून जातो. कारखान्यात सायक्लोन छपराबाहेर असे, म्हणून निसटलेली धूळ मोकळ्या आकाशात विरून जाई व तिची कोणाला खंत वाटत नसे.

कामगाराच्या फुप्फुसासाठी पंखा लावण्याचा आग्रह कायद्याने धरला तो प्रथम लोखंडाच्या धंद्यात. शेफील्ड येथे सुऱ्या-काटे कोरड्या दगडावर घासणारे कारागीर तरुणपणीच फुप्फुसाच्या विकाराने मरत. अखेर १८६७ च्या ब्रिटिश कायद्याने अशा घासकामातील धूळ कामगारांच्या श्वासात जात असेल तेथे पंखा बसविण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कारखाना-तपासनीसांना दिला. लाकडाची धूळ मात्र निरुपद्रवी समजली गेली. ती झाडाची, म्हणजे निसर्गाची, ती काय अपाय करणार, हा समज इतका दृढ होता की १९२२ साली ब्रिटनमध्ये लाकूडकामाच्या यंत्रांविषयी स्वतंत्र नियम झाले, तेव्हाही मुख्य काळजी होती ती फिरत्या पात्यापासून बोटे वाचविण्याची.

हा समज जेथे मोडला ते गाव म्हणजे बकिंगहॅमशर परगण्यातील हाय विकम. भोवतालच्या टेकड्यांवर बीच वृक्षांची दाट राने, आणि गावात खुर्च्यांचा धंदा. पूर्वीच्या काळी रानातच झोपड्या टाकून राहणारे कातारी पायाने चालणाऱ्या चरकावर खुर्च्यांचे पाय कातीत. तोडलेले लाकूड ते ओले असतानाच वापरीत, आणि ओल्या लाकडाचे लांब, दमट ढलपे सुटत असल्याने धूळ उडण्याचा प्रश्नच नव्हता. ते पाय सुकवून गावातील कारखान्यांकडे जात. विसाव्या शतकात विजेची वेगवान यंत्रे आली, लाकूड भट्टीत कोरडे करून कापण्याची रीत पडली, आणि जे काम रानातील वाऱ्यावर होत असे ते बंद खोलीत, कोरड्या बीच-ओकच्या दाट धुळीत होऊ लागले. त्या पिढीच्या नाकात काय घडत होते ते कळायला चार दशकांच्या आसपासचा काळ जावा लागला. कारण रोगाचे बीज आणि त्याचे फळ यांत तेवढेच अंतर असते.

तेथील नाक-कान-घशाच्या शल्यविशारद एस्मी हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या पोकळीतील एका विशिष्ट कर्करोगाचे रोगी येत. सर्वसाधारण समाजात हा रोग अतिदुर्मीळ. आणि येथे तर त्यांतील बहुतेक खुर्च्यांच्या कारखान्यांतले. रामाझिनी यांनी वैद्यांना सोपविलेला प्रश्न या ठिकाणी खरोखर विचारला गेला, आणि उत्तराची वहीत नोंद झाली. ऑक्सफर्डचे रोनाल्ड मॅकबेथ यांनी १९६५ मध्ये या निरीक्षणाचा उल्लेख केला, आणि १९६८ मध्ये डोनाल्ड अ‍ॅचिसन, कॉडेल, हॅडफिल्ड व मॅकबेथ यांचा संयुक्त लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध होऊन रोगाचे प्रमाण लाकूडकामगारांत शेकडो पटींनी अधिक असल्याचे सिद्ध झाले. त्या अभ्यासातील विचारपद्धती मला विशेष आदरणीय वाटते. कारखान्यात धुळीखेरीज रोगण, पॉलिश, सरस असे संशयित अनेक होते. पण पॉलिश करणाऱ्यांत हा रोग आढळला नाही, तो आढळला यंत्रावर आणि जोडकामावर राबणाऱ्यांत. यावरून दोष धुळीकडे गेला. पुढे असेही दिसून आले की या कामगारांच्या नाकातील, आत शिरलेला मळ सतत बाहेर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावलेली असते, आणि धूळ एकाच जागी दीर्घकाळ पडून राहते. १९६९ साली ब्रिटनने हा रोग फर्निचर कामगारांचा व्यवसायजन्य रोग म्हणून नुकसानभरपाईच्या यादीत दाखल केला. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसविले. एका छोट्या गावातील शल्यविशारदेने आपल्या रोग्यांचा धंदा टिपून ठेवला, त्याचे हे फलित. सुतारकामाच्या इतिहासात तिचे नाव यंत्र शोधणाऱ्यांच्या बरोबरीने घेतले पाहिजे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १४ व्या कलमाने धूळ उगमापाशीच ओढून घेण्याची, आणि ३७ व्या कलमाने ज्वलनशील धुळीचा स्फोट टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. पण कारखाना कोणता? मूळ व्याख्येनुसार विजेवर चालणाऱ्या जागेत १० कामगार लागत. नाक्यावरचे चार कारागिरांचे फर्निचरचे दुकान या व्याख्येबाहेर राही. आणि घरची खोली तर कोणत्याच तपासनीसाच्या दप्तरात येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९४६ मध्ये घरगुती विद्युत् ड्रिल बाजारात आणले, पाठोपाठ अमेरिकेत एकाच चौकटीत करवत, चरक व ड्रिल देणारे शॉपस्मिथ यंत्र आले, आणि विकमच्या कारखान्यातील धूळ कायद्याविना उंबरठ्याच्या आत आली. धूळसंग्राहक तिच्या मागोमाग, बऱ्याच उशिराने आला.

येथे जुन्या जन्मखुणेचा विचार करावा लागतो. कारखान्यातील सायक्लोन आपली निसटती धूळ छपराबाहेर सोडीत असे. घरातील यंत्र ती कापडी पिशवीतून गाळून त्याच खोलीत परत सोडते. ज्या स्वस्त पिशव्या ३० मायक्रॉन व त्याहून मोठेच कण अडवितात, त्यांतून फुप्फुसात खोलवर जाणारे पाच मायक्रॉनखालचे कण पंख्याच्या जोराने घरभर पसरतात, आणि जमीन स्वच्छ दिसत असल्याने मनुष्य निर्धास्त होतो. म्हणून एका मायक्रॉनपर्यंत गाळणारा फिल्टर घ्यावा, किंवा निकास घराबाहेर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर न्यावा. नळी रुंद, आखूड आणि कमीत कमी वळणांची असावी. चालू असलेल्या यंत्राखेरीज बाकीच्या शाखा झडपांनी बंद ठेवाव्यात, नाहीतर ओढ विभागली जाऊन कोठेच पुरत नाही. करवतीआधी पंखा सुरू करावा आणि करवत थांबल्यावरही थोडा वेळ चालू ठेवावा.

आगीचा धाकही जुनाच आहे. कॅनडातील बर्न्स लेक आणि प्रिन्स जॉर्ज येथील करवतगिरण्यांत २०१२ मध्ये लाकडाच्या धुळीचे स्फोट होऊन प्रत्येक ठिकाणी दोन कामगार मरण पावले. घरातील धुळीचे प्रमाण लहान असते. तरीही ज्या नळीतून भुसा जातो तिच्यातून लोखंड घासणाऱ्या ग्राइंडरच्या ठिणग्या कधीही ओढू नयेत, जुन्या फळीतला खिळा आधी उपटून घ्यावा, धातूची नळी अर्थिंगला जोडावी, आणि जवसाच्या तेलाची फडकी भुशाच्या पेटीजवळ कोंबून ठेवू नयेत, कारण ती आपोआप तापून पेटतात.

सर्वांत धोक्याची घटका पिशवी रिकामी करण्याची. दिवसभर गोळा केलेले सगळे एका क्षणात तोंडासमोर येते. यंत्र बंद करून, प्लग काढून, पंख्याचे पाते पूर्ण थांबल्याची खातरजमा करून, नाकावर घट्ट बसणारा मास्क लावून ती अंगणात न्यावी. झटकू नये, पिशवीचे तोंड बांधून तशीच उचलावी. सागाची धूळ त्वचेला खाज आणते, शिसवीनेही अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, आणि एमडीएफच्या धुळीत चिकटद्रव्यातील फॉर्माल्डिहाइडची भर असते. तेव्हा हात धुऊन आणि कपडे बदलूनच माणसाने घरात पाऊल टाकावे. खोलीत जे उरेल ते ओल्या फडक्याने पुसावे. कोरड्या केरसुणीने झाडल्यास किंवा हवेच्या झोताने उडविल्यास बसलेली धूळ पुन्हा उठते, आणि दिवसभराची मेहनत वाया जाते.