दुव्याची किंमत : संदर्भसूचीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

🧵 थ्रेड

१/ जानेवारी १९९८. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार संशोधकांनी एक तांत्रिक अहवाल लिहिला : लॅरी पेज, सर्गेई ब्रिन, राजीव मोटवानी आणि टेरी विनोग्राड. संकेतस्थळांचे महत्त्व मोजण्याची एक नवी रीत त्यात मांडलेली होती. पैशाच्या बळावर ही रीत कोणी वाकवू शकेल काय, हा प्रश्नही त्यांनी विचारात घेतला होता. त्यांचे उत्तर थोडक्यात असे होते : त्यासाठी पैसे मोजावे लागतात, म्हणून तो प्रकार आटोक्यात राहील. तो खर्च पुढच्या पंचवीस वर्षांत कसा आटत गेला, त्याचा हा इतिहास.

२/ मराठीत ‘दुवा’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, दोन कड्यांना सांधणारा भाग, दुसरा, आशीर्वाद. एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा, म्हणजेच बॅकलिंक, हे दोन्ही अर्थ एकत्र बाळगतो. तो वाचकाला दुसरीकडे नेतो आणि ‘तेथे जाण्यासारखे काही आहे’ अशी ग्वाहीही देतो. व्यापारी संकेतस्थळांची धडपड असते ती या ग्वाहीसाठी.

३/ ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. १८७३ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फ्रँक शेपर्ड यांनी वकिलांसाठी एक सोय काढली. एखाद्या निकालाचा उल्लेख पुढील कोणकोणत्या निकालांत आला, याच्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्या ते छापत. वकील त्या आपल्या ग्रंथांच्या समासात चिकटवीत. जुना निकाल अद्याप ग्राह्य आहे की मोडीत निघाला, हे त्यावरून कळे. निकालाचे वजन नंतरच्या न्यायाधीशांनी त्याची घेतलेली दखल पाहून ठरू लागले.

४/ १९५५ साली यूजीन गारफिल्ड यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून हीच पद्धत विज्ञानाला लावण्याचे सुचविले. शेपर्ड यांच्या सूचीचे ऋण त्यांनी मान्य केले होते. पुढे फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. १९६१ सालच्या वाङ्मयावर आधारलेल्या पहिल्या सूचीत ६१३ नियतकालिके आणि सुमारे १४ लाख संदर्भ होते. कोणाचा शोधनिबंध किती जणांनी आधाराला घेतला, हे आता मोजता येऊ लागले.

५/ मोजणी आली आणि तिच्यामागून तिची सावलीही आली. संदर्भांच्या संख्येवर नेमणुका, बढत्या आणि अनुदाने ठरू लागली, तेव्हा आपल्याच निबंधांचे हवाले पुन्हा पुन्हा देणे आणि मित्रमंडळींनी परस्परांचे उल्लेख करणे हे प्रकार सुरू झाले. १९७५ साली अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदविले, त्याचा आशय येथेही लागू पडतो : मोजमाप हेच उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते.

६/ १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबचा प्रस्ताव मांडला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. या रचनेत एक साधी पण दूरगामी गोष्ट होती. कोणीही कोणाच्याही पानाकडे दुवा देऊ शकत होता. समोरच्याची परवानगी लागत नव्हती. त्यामुळे वेब वेगाने पसरली, आणि आपल्याकडे कोण बोट दाखवतो यावर कोणाचेही नियंत्रण उरले नाही.

७/ आरंभीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरील शब्दांवर भिस्त ठेवीत. १९९५ साली आलेले अल्टाव्हिस्टा त्यांतले सर्वांत नावाजलेले. एखाद्या पानावर ‘विमा’ हा शब्द वारंवार आला, तर ते पान विम्याविषयीचे. व्यापाऱ्यांनी ही खोड लगेच ओळखली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शेकडो शब्द लपविले जाऊ लागले. स्वतःविषयी स्वतः दिलेली साक्ष किती टिकते, हे न्यायालयांना ठाऊक होते. शोधयंत्रांना ते येथे शिकावे लागले.

८/ पेज आणि ब्रिन यांनी १९९६ च्या सुमारास सुरू केलेल्या प्रकल्पाचे नाव ‘बॅकरब’ असे होते, कारण तो उलट दिशेने येणारे दुवे तपासत होता. त्यातून ‘पेजरँक’ ही रीत आकाराला आली. दुव्यांची केवळ संख्या पुरेशी नव्हती; दुवा देणाऱ्याचे वजनही धरले जाई. शिवाय शंभर ठिकाणी शिफारस करणाऱ्याचा एकेक शब्द हलका ठरे. चारच ठिकाणी शिफारस करणाऱ्याचा शब्द जड. गारफिल्ड यांचे काम त्यांच्या अहवालातील संदर्भांत होते. सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल ही कंपनी स्थापन झाली.

९/ येथे त्या अहवालातील विधान पुन्हा पाहावे. वजनदार पानाचा दुवा मिळवायचा तर त्या पानाच्या मालकाला पटवावे लागेल, किंवा त्याला पैसे द्यावे लागतील. दोन्ही गोष्टी महाग. म्हणजे या मोजमापाचे रक्षण गणित करीत नव्हते. ते करीत होता खर्च. वेळेचा, पैशाचा आणि शब्द टाकण्याच्या संकोचाचा खर्च.

१०/ पहिला तडा बाजारपेठेने दिला. २००२ साली ओक्लाहोमातील ‘सर्चकिंग’ ही कंपनी पेजरँकच्या आकड्यानुसार दुव्यांची विक्री जुळवून देऊ लागली. तिचा स्वतःचा आकडा खाली आल्यावर तिने गूगलविरुद्ध दावा लावला. मे २००३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला : क्रमवारी हे शोधयंत्राचे मत आहे, आणि मताला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. दुव्यांना बाजारभाव आहे, ही गोष्ट या खटल्याने जगजाहीर केली.

११/ दुसरा तडा यंत्रांनी दिला. छोट्या प्रणाली रात्रंदिवस फिरून अनुदिन्यांच्या अभिप्रायांत आणि संकेतस्थळांच्या पाहुणेवह्यांत दुवे पेरू लागल्या. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी ‘नोफॉलो’ ही खूण आणली. तिचा अर्थ : या दुव्याला आमची ग्वाही समजू नये. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने आपल्या सर्व बाह्य दुव्यांवर ती खूण लावली. दुव्यातला आशीर्वाद वजा करून केवळ कडी ठेवण्याचा हा उपाय होता.

१२/ फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण उघडकीस आणले. सणासुदीच्या ऐन हंगामात कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शोधांत ती अग्रस्थानी होती. तिच्याकडे येणारे हजारो दुवे मात्र असंबद्ध संकेतस्थळांवरचे होते. आपल्याला याची कल्पना नव्हती असे कंपनीने सांगितले आणि शोधविषयक सल्लागारांना काढून टाकले. कारवाईनंतर प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती सुमारे दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१व्या क्रमांकावर घसरली.

१३/ २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ हा बदल लागू केला. त्याचा परिणाम इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर होईल असे सांगण्यात आले. आकडा लहान वाटतो. पण ज्यांचे गिऱ्हाईक शोधयंत्रातूनच येत होते, अशा छोट्या उद्योगांसाठी तो उदरनिर्वाहाचा प्रश्न होता. यात सल्लागारावर विसंबून राहिलेले अनेक होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोय आली. कालपर्यंत पैसे मोजून घेतलेले दुवे आता व्यापारी स्वतःच झिडकारू लागले.

१४/ येथून ‘सुसंगत’ हा शब्द निर्णायक झाला. पंप विकणाऱ्याला जुगाराच्या संकेतस्थळाने दिलेली शिफारस कोणाला पटणार? पण सुसंगती यंत्राने ओळखायची कशी? २०१३ मध्ये गूगलमधील संशोधकांनी ‘वर्ड२व्हेक’ ही रीत प्रसिद्ध केली. शब्दाचे रूपांतर अंकांच्या मालिकेत करायचे; अर्थाने जवळचे शब्द अंकांनीही जवळ येतात. २०१९ मध्ये ‘बर्ट’ हे अधिक प्रगत प्रारूप गूगलच्या शोधात वापरात आले. ‘विहीर’ आणि ‘उपसा’ यांचे नाते यंत्राला उमगू लागले.

१५/ पहारेकऱ्यांच्या हातीही तेच शस्त्र आले. गूगलची ‘स्पॅमब्रेन’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली प्रणाली २०१८ पासून कामात आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ती दुव्यांच्या खरेदी-विक्रीवर लावण्यात आली : दुवे विकत घेणारी स्थळे आणि केवळ दुवे पुरविण्यासाठी उभी केलेली स्थळे, दोन्ही हुडकण्यासाठी. अशा दुव्यांचे वजन शून्य धरले जाऊ लागले. घेणाऱ्याला शिक्षा झालेली कळतही नाही. त्याचे पैसे निमूटपणे पाण्यात जातात.

१६/ त्याच्या काही दिवस आधी, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, चॅटजीपीटी लोकांसमोर आले. त्यापूर्वीही यंत्रे लेख ‘फिरवीत’. एका लेखातील शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून शंभर लेख काढीत. पण ती भाषा बोबडी असे आणि वाचताच ओळखू येई. आता शुद्ध, नम्र आणि विषयाला धरून असलेला मजकूर क्षणात तयार होऊ लागला. लेख लिहिण्याचा खर्च गेला. दुवा मागणारे पत्र लिहिण्याचा खर्चही गेला. १९९८ च्या अहवालाने ज्या कुंपणावर भरवसा ठेवला होता, ते मोडून पडले.

१७/ याची झळ प्रथम लागली ती विश्वासावर चालणाऱ्या व्यवस्थांना. २००८ साली पीटर शँकमन यांनी पत्रकार आणि जाणकार यांची गाठ घालून देणारी ‘हेल्प अ रिपोर्टर आउट’ ही सेवा सुरू केली होती. पत्रकाराने प्रश्न विचारायचा, जाणकाराने उत्तर द्यायचे, आणि बातमीत त्याच्या नावासह बहुधा त्याच्या स्थळाचा दुवा यायचा. छोट्या उद्योजकाला मोठ्या वृत्तपत्रात स्थान मिळण्याची ही प्रामाणिक वाट होती. पुढे अशा सेवांमध्ये यंत्राने लिहिलेल्या उत्तरांची रीघ लागली. काही ‘तज्ज्ञ’ तर अस्तित्वातच नव्हते. नाव बदलून चाललेली ही सेवा तिच्या तत्कालीन मालकांनी डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली. नंतर ती नव्या मालकाकडे जाऊन पुन्हा सुरू झाली.

१८/ मार्च २०२४ मध्ये गूगलने आपले नियम बदलले. क्रमवारी वाकविण्यासाठी घाऊक प्रमाणात काढलेला निरुपयोगी मजकूर निषिद्ध ठरला; तो माणसाने लिहिला की यंत्राने, हा भेद उरला नाही. सोडून दिलेली जुनी संकेतनामे विकत घेऊन त्यांच्या पुण्याईवर दुकान चालविणे हेही निषिद्ध झाले. स्वयंचलित प्रणालीने दुवे तयार करणे तर आधीपासूनच नियमबाह्य होते.

१९/ मग व्यापारी संकेतस्थळासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग नाही काय? आहे, पण शेपर्ड आणि गारफिल्ड यांनी केलेल्या कामाच्या जातीचा. म्हणजे शोधण्याचा, जुळवण्याचा आणि वर्गवारी लावण्याचा. आपल्या विषयाला अर्थाने जवळची स्थळे कोणती? आपले नाव कोठे घेतले गेले, पण दुवा दिला गेला नाही? कोणाच्या पानावरचे जुने दुवे आता मृत झाले आहेत, आणि तेथे आपले एखादे पान खरोखर उपयोगी पडेल? माणसाला आठवडे लागतील अशी ही छाननी यंत्र तासाभरात करते.

२०/ समजा, एक छोटा उद्योग विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो. त्याच्याकडे दहा वर्षांच्या दुरुस्तीच्या वह्या आहेत : कोणता भाग किती महिन्यांनी निकामी झाला, विजेचा दाब कमी असताना मोटार किती वेळा जळाली. यंत्र त्या नोंदींची वर्गवारी लावून देईल, कोष्टक आखून देईल आणि चुकीच्या नोंदी दाखवून देईल. असे पान शेतीविषयक नियतकालिकाला, तंत्रशाळेच्या शिक्षकाला किंवा पत्रकाराला संदर्भ म्हणून हवे असते. त्यांना पत्र लिहायचे ते थोडक्या जणांना, स्वतः वाचून आणि स्वतःच्या नावाने. मात्र त्या दहा वर्षांच्या वह्या कोणतेही यंत्र लिहून देऊ शकत नाही. यंत्राने कल्पनेने भरलेला एक खोटा आकडाही साऱ्या पानाची पत घालवतो.

२१/ दीडशे वर्षांच्या या इतिहासात मोजणी करणारे बदलले : वकील, ग्रंथपाल, गणिती, यंत्र. मोजणी वाकविण्याचा खर्च दर पिढीत घटत गेला, आणि आज तो जवळजवळ शून्यावर आला आहे. जे फुकटात तयार होते त्याच्या ग्वाहीला वजन राहत नाही. म्हणून महाग राहिलेल्या गोष्टींकडेच दुवे वळतात : प्रत्यक्ष मोजमाप, जपून ठेवलेली नोंद, आणि चुकले तर जबाबदारी घेणारे नाव. १९९८ च्या चार संशोधकांनी खर्चाला रक्षक मानले, यात त्यांची चूक नव्हती. फक्त तो खर्च आता दुवा मिळविण्यावर नाही, दुव्याला पात्र होण्यावर करावा लागतो.

(समाप्त)