बरा झाला, पण मांडी घालता येते का?

नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या माळाकडे वळलं आणि पाण्यामागून ऊस आला. उसाबरोबर गुऱ्हाळ आलं, चुलवाण, काहील, गुळव्या, जाळव्या असा सगळा संसार आला आणि अर्थातच चरक आला. चरकात ऊस सरकवणाऱ्याची बोटं आणि फिरते रूळ यांच्यात अंतर असतं वीतभर. पहाटे डुलकी लागली की तेवढंही उरत नाही.

अशा माणसाला आधी हाडवैद्याकडे न्यायचे. फारच झालं तर दौंड गाठून पुण्याला, सासूनला. सासून रुग्णालय १८६७पासून उभं होतं. तिथे जीव वाचायचा, जखम भरायची, टाके निघायचे आणि माणूस घरी यायचा. त्या हाताने पुढे भाकरी मोडता येते का, धोतराचा काष्टा खोचता येतो का, हे विचारायला इस्पितळात कुणी नेमलेलंच नव्हतं.

हिशेब मात्र होता. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. पुढे १९३०च्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं, मग माळेगाव, भवानीनगर इथले सहकारी साखर कारखाने आले, तसा हा कायदा या भागातल्या यंत्रांजवळ येऊन पोचला. त्याच्या नंतरच्या परिशिष्टात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के घटली असं धरलं गेलं. तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के. अंगठा फिटरचा असो की कारकुनाचा, या यादीत आकडा एकच. कायदा तरी काय करणार? त्याला मोजायला काहीतरी हवं होतं, त्याने गेलेलं मोजलं. उरलेल्यातून काय उभं राहील हे बघणारा धंदा वेगळा. तो भारतात रुजवणाऱ्या बाईंचं नाव बारामतीपासून तीसेक किलोमीटरवर, नीरेपलीकडे, फलटणच्या एका शाळेला दिलेलं आहे.

कमला निंबकर. जन्म १९०० साली अमेरिकेत, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या मुंबईच्या झाल्या. चाळिशी उलटल्यावर, म्हणजे बहुतेकांची शिकायची हौस फिटलेली असते त्या वयात, त्या पुन्हा अमेरिकेत गेल्या, फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या आणि १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू झाली. आशियातली पहिली. मराठीत ऑक्युपेशनल थेरपीला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्या शब्दाने निम्मे लोक फसतात. व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे, दिवसभरात माणूस जे जे करतो ते सगळं. औषधाच्या बाटलीऐवजी विणायचा माग, करवत, माती. खांदा उचलत नाही ना, मग माग असा लावायचा की धोटा टाकताना खांदा उचलावाच लागेल. १९५२ साली या व्यवसायाची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा दहा संस्थापक देशांत भारतही होता. मुंबईत त्या काळी पोलिओची पोरं वॉर्डात होती. केईएममध्येच फिजिओथेरपीची शाळाही लगोलग निघाली.

कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी फलटणला शेती करायला आले आणि १९६८मध्ये त्यांनी तिथे कृषी संशोधन संस्था काढली. सून जाई निंबकर मराठी वाचकाला लेखिका म्हणून ठाऊक आहेत. फलटणची ती शाळा काढली मॅक्सिन बर्नसन यांनी. ‘कमला निंबकर बालभवन’.

रुग्ण किती सुधारला हे आकड्यात सांगायची सोय १९६५ साली झाली. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये फ्लॉरेन्स माहोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी एक तक्ता छापला. दहा कामं, शंभर गुण. जेवण, आंघोळ, कपडे, लघवी-शौचावरचा ताबा, शौचालयाचा वापर, पलंगावरून खुर्चीत जाणं, चालणं, जिना चढणं वगैरे. दाखल होताना किती आणि घरी जाताना किती, या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या वॉर्डाची कमाई. जगभर तो अजून वापरतात आणि तो उपयोगी आहे, यात शंका नाही. फक्त तो इंदापूरच्या एखाद्या वस्तीवर नेऊन पाहावा. जिन्याला दहा गुण आहेत, पण घराला जिनाच नाही. घराला आहे उंबरठा, गोठ्याकडे उतार, आणि पावसाळ्यात घोटाभर चिखलाची पाणंद. खुर्चीत बसता आलं की गुण मिळतात. पाटावर मांडी घालून पंगतीत बसता आलं तर तक्त्यात त्याला वेगळा रकानाच नाही. उकिडवं बसण्यालाही नाही.

हे रकाने भारतीय कारागिराला आधी दिसले. जयपूरला १९६८च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी रबराचं पाऊल घडवलं ते मांडी घालता यावी, उकिडवं बसता यावं, अनवाणी शेतात जाता यावं म्हणून. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४पासून होतं. महायुद्धातून आलेल्या जवानांसाठी. मणक्याला इजा झालेल्यांसाठी खडकीचं पुनर्वसन केंद्र १९७४ साली आलं.

या सगळ्या तक्त्यांत न मावणारा माणूस सांगली जिल्ह्यातला. मुरलीकांत पेटकर, लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक घेऊन आले.

पेटकरांसारखे निकाल विरळाच. नेहमीचा रुग्ण म्हणजे पक्षाघात झालेला साठीचा शेतकरी, आणि त्याच्याबाबत एक कटू आकडा भारतातच मिळाला आहे. उपचारांची टंचाई आहे, तर घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाठवावं का, हे १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर तपासलं गेलं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर आलं: घरच्यांना शिकवलेला गट आणि नेहमीचे उपचार घेणारा गट, सहा महिन्यांनी दोन्हींत ४७ टक्के एकतर दगावलेले किंवा परावलंबी. बायको, सून, मुलगा यांच्या मायेत काही कमी होतं असं नाही. थेरपिस्टची जागा ती भरू शकली नाही, एवढंच. उलट, पक्षाघाताचा वेगळा कक्ष आणि तिथे डॉक्टर, परिचारिका, थेरपिस्ट एकत्र असतील तर वर्षभराने स्वतःचं स्वतः करणारे जास्त उरतात, हे आधीच्या अनेक चाचण्यांतून दिसलं होतं. बारामतीत २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याकडे या नजरेनेही बघायला हवं. तिथे किती खाटा झाल्या हा एक प्रश्न, त्या खाटांशेजारी थेरपिस्ट किती हा दुसरा. दुसरा सहसा कुणी विचारत नाही.

तोवर वस्तीवर लोक आपापली अक्कल चालवतात. खाटेच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार कमी. ओट्याच्या कडेला दोरी. आणि प्लास्टिकच्या खुर्चीच्या बैठकीला तापलेल्या सळईने गोल भोक पाडून ती शौचालयाच्या भांड्यावर ठेवलेली. पाय घसरू नयेत म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेले.